मदत हवी आहे: युका, टॅपिओका आणि माझा घोळ

नमस्कार मंडळी,

इंदूरला असतो. घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे, माती अस्सल माळव्याची काळी. आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

भाचा अमेरिकेत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर 'युका फ्राइज' दाखवले. वरून खरपूस, आतून बटाट्यापेक्षा पिठूळ. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत जीरावण मसाला भुरभुरलेला गराडू खाणारे आम्ही, तळलेला कंद म्हटल्यावर जीभ चाळवणारच. रोपवाटिकेत जाऊन 'युका' मागितला. मिळालाही. पानं तलवारीसारखी, टोकाला काटा. दोन वर्षं इमानेइतबारे पाणी घातलं. गेल्या महिन्यात उपटला, मूळ सोललं, चिरलं. सौ.ने फोडी पाण्यात टाकून हात फिरवला तर पातेल्यावर रिठ्यासारखा फेस! म्हणाली, "याची भाजी करू की स्वेटर धुऊ?"

मग शोधाशोध केली. खायचा कंद म्हणजे कसावा, म्हणजेच टॅपिओका. अमेरिकेत त्याला युका म्हणतात आणि शोभेचं झाडही युकाच. इंग्रजीत निदान एका 'सी'चा फरक आहे, आपल्या देवनागरीत तोही नाही.

आता शेजारच्या मल्याळी काकूंनी गावाहून खऱ्या कसाव्याच्या कांड्या आणून दिल्यात. त्या त्याला कप्पा म्हणतात. आपला साबुदाणा याचाच, हे कळल्यावर आईने तो परस्पर उपासाच्या यादीत टाकलाय.

पण काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं, कंद कुजेल का? आणि यात सायनाइड असतं म्हणतात, ते कितपत खरं? घरात म्हातारं माणूस आणि लहान पोर दोन्ही आहेत, म्हणून विचारतोय.

परसबागवाली
भाऊ, फेस आला ते बरंच झालं, नाहीतर खाल्ला असतात! तो सॅपोनिनचा, म्हणजे मुळातल्या साबणासारख्या द्रव्याचा फेस. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी युकाच्या मुळांनी केस धूत. त्या झाडाच्या फुलांची भाजी तिकडे करतात, मुळाच्या वाटेला जाऊ नका.

कसाव्याला साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. सपाट जमिनीत लावू नका. फूट-दीड फूट उंच ढीग करा, त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. वीतभर कांडी, डोळे वरच्या बाजूला ठेवून उभी खोचा. उलटी लावलीत तर वाट बघत बसाल. दोन झाडांत तीन फूट अंतर हवं. फूट आली की दोनच जोमदार कोंब राखायचे. आत्ता पहिल्या पावसावर लावलंत तर फेब्रुवारी-मार्चला काढता येईल. इंदूरच्या थंडीत पानं गळतील, घाबरू नका. मुळाशी पालापाचोळा घाला.

त्रिवेंद्रमकर
मी इकडे बारा वर्षं आहे, कप्पा आठवड्याला होतो. सायनाइडचं खरं आहे, पण बाऊ नको. कंदात लिनामरीन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कडू जातींत जास्त, गोड जातींत कमी, आणि गरापेक्षा सालीत अधिक. म्हणून तपकिरी पापुद्रा आणि त्याखालची जाड साल दोन्ही काढा. लहान तुकडे करा, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता मऊ होईपर्यंत उकळा आणि ते पाणी फेकून द्या. आमटीत बिमटीत अजिबात नाही. कच्चा तर चाखूनही बघू नका. शिजलेला तुकडा कडू लागला तर सरळ टाकायचा. काकूंना जात गोड आहे ना, एवढं विचारून घ्या.

आणि लागेल तेवढाच उपटा. काढल्यावर दोन-तीन दिवसांत आतून निळ्या-काळ्या रेघा पडतात. इकडे खोबरं, मिरची, हळद वाटून घालतात, सोबत माशाचं कालवण.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काकूंना विचारलं, जात गोडच आहे, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खातात. आज सकाळी चार ढीग घातले, पाठ धरलीय.

आईने हळद ऐकताच नाक मुरडलं, उपासाला चालत नाही म्हणे. तिचं ठरलंय: तूप-जिऱ्याची फोडणी आणि वरून दाण्याचं कूट. सौ.ला फ्राइजच हव्यात. उकडून, निथळून मग तळले तर चालतील ना?

त्रिवेंद्रमकर
तसेच तळायचे. मधला दोरा तेवढा ओढून काढा, दातांत अडकतो.