पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलायचंय, संचालकांपुढे काय मांडू?

कीर्दवाला:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी हिशेबाचं बघतो. आमचं सॉफ्टवेअर जुनाट आहे, पण रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची जुळणी) बिनबोभाट निघते. चेअरमनसाहेब नुकतेच एका परिसंवादाला जाऊन आले आणि आता क्लाउड, मोबाइल ॲप, एआय सगळं एकदमच घ्यायचं म्हणतायत. कारण विचारलं तर, "शेजारच्या संस्थेनं घेतलं, आपण काय मागं राहायचं?" डेमो झाला तो हॉटेलच्या एसी हॉलमध्ये, वायफायवर. आमची पिग्मी, म्हणजे दारोदार घेतलेली रोजची छोटी बचत, गोळा होते आठवडे बाजारात, जिथं साधा फोन धड लागत नाही. १ एप्रिलपासून चालू करायचा घाट आहे. नुसतं "नको" म्हटलं तर मी जुन्या वळणाचा ठरणार. मासिक सभेत काय मुद्दे मांडू?

मुक्काम_पोस्ट:
शेजारच्या संस्थेत जरूर जा, पण चेअरमनच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका. काउंटरवरच्या पोरीला विचारा, संध्याकाळी कॅश जुळायला किती वाजतात. माझी निम्मी नोकरी संस्थांचे डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यात गेली. खरी माहिती तिथंच मिळते.

१ एप्रिल कागदावर छान दिसतो, आरंभीच्या शिलका टाकायला सोपं. पण तेव्हा तुमची माणसं मार्चअखेरची वसुली आणि ताळेबंदात बुडालेली असतात. हर्षी या अमेरिकन चॉकलेट कंपनीनं १९९९ च्या जुलैत हेच केलं. तीन नव्या सिस्टिम एकदम, त्याही हॅलोविनच्या (तिकडचा ऑक्टोबरअखेरचा गोड खाऊ वाटायचा सण) ऑर्डरींच्या तोंडावर. जवळपास १० कोटी डॉलरचा माल वेळेत पोचवता आला नाही. माल नव्हता असं नाही! हंगामात इथंतिथं ठेवलेल्या मालाचा हिशेब जुन्या माणसांच्या डोक्यात होता, नव्या सिस्टिममध्ये तो उतरलाच नव्हता.

तुमच्याकडे असं डोक्यातलं काय काय आहे, ते आधी लिहून काढा. एकाच नावाचे दोन खातेदार कसे ओळखता? संयुक्त खात्यातला एक वारला तर शेरा कुठं मारता? मुदत संपलेल्या ठेवीला व्याज कुठल्या दरानं लावता? मग तुमचाच डेटा देऊन चाचणी मागा. जूनमध्ये एकच शाखा घ्या, दोन्हीकडे नोंदी करा आणि रोज संध्याकाळी तेरीज ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, कर्मचारी कुरकुरणार, त्यांना जादा वेळेचे पैसे द्या.

गावकूस:
दुसरी बाजू मांडतो. "चालतंय ना" म्हणून थांबणं हाही निर्णयच, आणि तोही बहुतेक वेळा न विचारताच घेतलेला असतो. जुनं सॉफ्टवेअर कोण सांभाळतं? बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. त्याचा फोन बंद लागला तर? चेअरमनची घाई चूक असेल, पण त्यांची काळजी अगदीच खोटी नसावी.

कोकणपट्टी:
वर हर्षीचं आलंय म्हणून. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एका फटक्यात नव्या सिस्टिमवर नेले. सुमारे १९ लाख लोकांना आपलंच खातं उघडेना. पुढे चौकशी अहवालात ठपका आला की संचालक मंडळानं पुरेसे प्रश्नच विचारले नाहीत. हे सभेत वाचून दाखवा, संचालकांचे कान टवकारतील. शिवाय करार संपल्यावर आपला डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळणार, तेही विचारा. एआयचं कुणी काढलंच तर त्याच्याकडून नेमकं कुठलं काम करून घ्यायचंय एवढंच विचारा.

कीर्दवाला:
सगळ्यांचे आभार. गावकूस, नेम बरोबर बसला, आमचा सॉफ्टवेअरवाला एकटाच आहे आणि आता पुण्याला असतो. आज कंपनीच्या माणसाला विचारलं, बाजारात नेटवर्क नसताना पिग्मीच्या मशीनमधून पावती निघेल का? म्हणाला, "ऑफलाइनची सोय पुढच्या व्हर्जनमध्ये येतेय."

मुक्काम_पोस्ट:
लेखी घ्या, तारखेसकट. आणि शेवटचा हप्ता त्याच पावतीवर अडकवून ठेवा.