एमपीएससी सोडल्यावर मी कोण?

पाच वर्षं एमपीएससी केली, आता सोडल्यावर आपण कोण हेच कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून गलबलून आलं. मीही सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सहा वर्षं काढली. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, त्यामुळे 'अजून एक अटेम्प्ट' संपतच नाही. शेवटची दोन वर्षं तर मी दिवाळीलाही गावी गेलो नाही.

सध्या तालुक्याला सेतू केंद्रात आहे. एकदा श्रावणबाळ योजनेसाठी, म्हणजे निराधार वृद्धांच्या सरकारी पेन्शनसाठी, एक आजी आल्या. आयुष्यभर खुरपणी करून बोटांच्या रेषाच झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. ओल्या फडक्याने पुसला, दुसरं बोट लावलं, पाचव्या खेपेला जमलं. तेव्हा लख्ख कळलं, मला तहसीलदार व्हायचं होतं ते कागदापाशी अडलेल्या माणसासाठी. गाडी, शिपाई, वडिलांची गावातली मान हे सगळं मी त्यावर रचलं होतं. (मान हवी असण्यात वाईट काही नाही, असं मला अजूनही वाटतं.)

जुनी ओळख सोडायची भीती वाटते तेव्हा मला बाबा आमटे आठवतात. ते वरोऱ्यात वकिली करायचे. तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून ते आधी घाबरून पळाले, मग परत फिरले. ती भीती त्यांनी लपवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्ही एक करा. कोणता विषय मित्रांना समजावताना जेवायची वेळ टळायची, ते आठवून इथे लिहा. आणि घरी 'मी आता परीक्षा देत नाही' हे सरळ सांगा. मला त्याला आठ महिने लागले. आई फक्त 'जेवलास का?' म्हणाली.