कडव्या वालाचं जास्त पिकणारं वाण घरीच निवडता येईल का? (वडोदरा-पादरा)

दांडियाबाजारकर:
नमस्कार. पादऱ्याजवळ आमची थोडी शेती आहे. आई माहेराहून, रोह्याहून, कडव्या वालाचं बी आणते. डाळिंब्यांच्या उसळीला ती चव दुसऱ्या कुठल्याच वालाला येत नाही. पण शेंगा फार कमी लागतात, आणि एकाच बियाण्यात काही दाणे पांढरट, काही तांबूस. इथे सगळा भर पापडीवर, म्हणजे कोवळ्या शेंगांची भाजी करतात त्या वालावर, त्यामुळे विचारणार कुणाला? सुधारित बी आणू की यातूनच निवड करू?

परसातला_मांडव:
दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण वाल-१ आणि कोकण वाल-२ ही वाणं आहेत. थोडं बी मागवून घरच्या वालाशेजारीच लावून पाहा. पेरणी मात्र पावसाळा सरल्यावर. हा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये पेरला तर नुसता वेल माजतो.

बीजपेटी:
तुलना जरूर करा, पण अगदी शेजारी नको. वालात बहुतेक स्वपरागण होतं, तरी भुंगे फुलांवर येतात आणि थोडा संकर होतोच. पादऱ्यात तर चहूकडे पापडी. बियाण्याची झाडं फुलायच्या आत मच्छरदाणीच्या कापडाने झाका.

तुमचं मिश्र बी हेच तुमचं भांडवल आहे. दरवर्षी सगळ्यांत टपोरे दाणे वेचून पेरणं ही निवड नव्हे. बांधाकडच्या झाडाला ऊन-पाणी जास्त मिळतं, म्हणून ते भरतं. तो गुण पुढे उतरत नाही. शेताच्या मधली चांगली झाडं दोरा बांधून ठेवा. शेंगा किती, शेंगेत दाणे किती, सगळ्या एकदम वाळतात का, हे लिहा. पुढच्या वर्षी प्रत्येक झाडाच्या बियांची वेगळी ओळ, आणि मधूनमधून मूळ मिश्र बियाण्याची एक ओळ. जी ओळ तिच्यापेक्षा सलग दोन-तीन हंगाम सरस ठरेल, ती ठेवा. मात्र त्याच ओळीतून पुन्हा मोठे दाणे वेचत बसू नका. डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरच दाखवून दिलं की शुद्ध वंशात, म्हणजे एकाच स्वपरागित झाडाच्या संततीत, अशा निवडीने काही वाढत नाही.

प्रत्येक ओळीच्या डाळिंब्या वेगळ्या शिजवा आणि आईंना चाखायला द्या. ज्या ओळीची चव त्यांना पटणार नाही ती कितीही पिकली तरी माझ्या मते बाद.

दांडियाबाजारकर:
मनापासून आभार! पापडीशी मुद्दाम संकर केला तर?

बीजपेटी:
करता येतो. उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी हळूच उघडून दहाही पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी पापडीच्या ताज्या फुलाचे पराग लावायचे. पण दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात आणि वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या जातात. आधी घरच्या बियाण्यात काय दडलंय ते पाहा.

परसातला_मांडव:
मॉडेल फार्मवर आणंद कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र आहे, तिथेही विचारा. आणि वाण खरंच वेगळं, स्थिर निघालं तर २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर त्याची नोंदणी करता येते. तोवर प्रत्येक झाडाचं बी कडक उन्हात वाळवून, राख मिसळून, चिठ्ठी घालून वेगळ्या बरणीत ठेवा. भुंगेरा लागला की वर्षाची मेहनत जाते.