मीटर ५.०२ म्हणते, डिजिटल स्कोप ५.२, खरं कोणाचं?

रिपेरिंगवाला, दारव्हा: राजेहो, आपल्या दुकानात झटका मशीन (शेताच्या कुंपणाच्या तारेला झटका देणारं), फवारणी पंपाचे चार्जर असंच काम येते. परवा भंगारातून जुना २० मेगाहर्ट्झचा सीआरओ (व्होल्टेजची रेघ पडद्यावर दाखवणारा जुन्या पद्धतीचा स्कोप) उचलला, डिजिटल स्कोप पुतण्याचा आहे. एका झटका मशीनमध्ये ७८०५ (५ व्होल्ट कायम ठेवणारी आयसी) च्या आउटपुटला मल्टिमीटर ५.०२ व्होल्ट दाखवते, डिजिटल ५.२, अन् सीआरओची रेघ पाच घरांच्या (पडद्यावरचे चौकोन, एक घर एक व्होल्ट) जराशी खाली. काहून? मशीन मात्र मधातच रिसेट होते. शेतकरी म्हणते, डुकरं येतात तेव्हाच बंद पडते!

जुना टीव्ही मेकॅनिक: भाऊ, मीटरचं माना. डिजिटल स्कोप ५ व्होल्ट प्रति घरवर होता ना? ८ घरं म्हणजे ४० व्होल्ट, अन् ८ बिटात पायऱ्या २५६. एक पायरीच ०.१६ ची झाली. १ व्होल्टवर आणा, आकडा जवळ येईल. सीआरओत ३ टक्के इकडेतिकडे चालतेच. अर्धा तास गरम होऊ द्या, मग ग्राउंडवर टाकून रेघ शून्यावर बसवा. प्रोब (स्कोपची मोजायची वायर) १० एक्सवर अन् स्कोप १ एक्सवर तर नाही ना, तेही पाहून घ्या, नाहीतर आकडा दहापट कमी दिसतो. मी त्यापायी एक चांगला ७८०५ काढून फेकला होता.

सोलरवाला: पण रिसेट मीटरमध्ये दिसणार नाही, ते सरासरी दाखवते. मशीन सेकंदाला एक ठोका देते, तेव्हा बॅटरीवर ओढ पडते. ७८०५ ला इनपुट ७ च्या खाली गेलं की ५ टिकत नाही. सीआरओवर इतक्या हळू वेगात नुसता ठिपका पळतो. डिजिटलला ट्रिगर ४.५ वर, उतरती बाजू, सिंगल मोड लावा, म्हणजे व्होल्टेज ४.५ च्या खाली उतरलं की स्कोप तेवढं चित्र पकडून थांबतो. आणि प्रोब कुंपणाच्या तारेला लावू नका, तिथं हजारो व्होल्ट असतात.

रिपेरिंगवाला, दारव्हा: सिंगलवर लावून चहाला गेलो. आलो तर पडदा थांबलेला: सरळ रेघ, मग ३.८ पर्यंत खड्डा. बॅटरीच्या क्लिपला आतून हिरवा गंज होता, बाहेरून चकाचक. पॉलिश पेपर मारला, कालपासून चालू आहे. सीआरओ मात्र विकत नाही, त्याची हिरवी रेघ पाहायलाच पोरं दुकानात येतात.