'इल पिक्कोलो'च्या अंकांत मधेच खंड का?

शाईचा डाग: महायुद्धांच्या काळातल्या त्रिएस्तेबद्दल (आज इटलीत असलेलं बंदर) वाचतोय. शहर तेव्हा ऑस्ट्रियाचं, पण तिथलं नावाजलेलं दैनिक इटालियन: 'इल पिक्कोलो', २९ डिसेंबर १८८१ पासूनचं. मात्र मे १९१५ ला ते एकदम थांबतं ते थेट १९१९ ला उगवतं. पुढे १९४५ नंतर पुन्हा गायब, १९५४ ला हजर. पहिला खंड युद्धामुळे म्हणावा, तर दुसऱ्या वेळी युद्ध संपलेलं होतं की! जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना जुळारी: पहिला खंड आगीमुळे. २३ मे १९१५, रविवार. इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियानिष्ठ जमावाने 'पिक्कोलो'ची इमारत पेटवली. अख्खी हयात छापखान्यात खिळे (धातूची अक्षरं) जुळवण्यात गेली माझी, त्यामुळे असं काही वाचलं की पोटात गोळा येतो. खिळ्यांचा धातू अडीचशे अंशांच्या आसपास पाणी होतो. ते ठेवायच्या लाकडी खणांनी (केसेसनी) पेट घेतला की उरतो तो शिशाचा गोळा.

दुसऱ्या खंडाची मेख मालकीत आहे. तेओदोरो मायरने हे वृत्तपत्र काढलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा, ज्यू घरातला, त्रिएस्ते इटलीत यावं म्हणून झटणारा. पहिल्या महायुद्धानंतर ते झालंही, आणि १९२० मध्ये इटलीने त्याला सेनेटर केलं. पण १९३८ च्या सप्टेंबरात मुसोलिनीने वंशभेदी कायद्यांची घोषणा केली ती नेमकी त्रिएस्तेच्याच चौकातून. त्याच वर्षी मायरला पत्र विकावं लागलं. घेणारा रिनो आलेस्सी, त्याच पत्राचा संपादक आणि मुसोलिनीचा शाळासोबती! १९४५ ला फॅसिस्टांची तळी उचललेलं हे नाव कुणाला चालणार होतं? शहरावर दोस्त राष्ट्रांचं लष्करी प्रशासन आलं. १९४७ पासून हे दैनिक 'जोर्नाले दी त्रिएस्ते' म्हणून निघालं. ऑक्टोबर १९५४ मध्ये शहर इटलीकडे परतलं, तेव्हा कुठे जुनं नाव मथळ्यावर चढलं.

दर्यावर्दी: वाखूसा (वाचनखूण साठवली). आयरिश लेखक जेम्स जॉइस याच पत्रात लिहायचा ना?

जुना जुळारी: संध्याकाळच्या आवृत्तीत, 'इल पिक्कोलो देला सेरा'त. १९०७ ते १९१२, नऊ लेख, इटालियनमध्ये. संपादक रोबेर्तो प्रेझिओसो त्याच्याकडे इंग्रजी शिकायचा, ओळख तिथली. एक लेख जरूर मिळवून वाचा: माइल्स जॉइस नावाच्या म्हाताऱ्यावरचा खटला. त्याला फक्त आयरिश येते, कोर्ट चालतं इंग्रजीत. म्हातारा हातवारे करून, देवाची साक्ष काढून लांबलचक सांगतो आणि दुभाषा न्यायाधीशांना एवढंच म्हणतो, 'नाही म्हणतोय, सरकार.' १८८२ ला त्याला फाशी झाली. लिहिलं इंग्रजांच्या अमलाखालच्या आयर्लंडवर, पण ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या इटालियन वाचकाने तो लेख परका म्हणून वाचला असेल, असं मला तरी वाटत नाही.

कार्स्टचा वारा: सगळं ठीक, पण 'पिक्कोलो'ला बिचारं ठरवू नका. शहरात स्लोव्हेन माणसंही होती, त्यांचं वृत्तपत्र 'एदिनोस्त' १८७६ पासून निघत होतं, 'पिक्कोलो'च्याही आधी. १३ जुलै १९२० ला फॅसिस्टांनी त्यांचं नारोदनी दोम (स्लोव्हेनांचं समाजभवन) जाळलं, १९२८ ला 'एदिनोस्त'च बंद पाडलं. तेव्हा 'पिक्कोलो' कुणाच्या बाजूला होतं?

जुना जुळारी: जाळणाऱ्यांच्या. स्वतःची कचेरी जळून पाच वर्षं झाली होती फक्त. यात मी वकिली करणार नाही.

शाईचा डाग: धन्यवाद मंडळी. म्हणजे मधले अंक हरवलेले नाहीतच?

जुना जुळारी: १९४७ नंतरचे नाहीत. 'जोर्नाले दी त्रिएस्ते' नावाखाली शोधा. १९१५ ते १९ चं मात्र शोधत बसू नका, छापलंच नव्हतं.