थोडं उत्तेजक द्यायला डॉक्टर इतके का बिचकतात?

उंबरठा: भावाला स्किझोफ्रेनिया होऊन अकरा वर्षं झाली. आवाज थांबले, संशय गेला. आता सकाळी ब्रशवर पेस्ट लावतो आणि बेसिनपाशी तसाच उभा राहतो. नळ चालू. दहा मिनिटांनी मीच बंद करते. घरचे म्हणतात, आळशी झालाय. आजार उमेद अशी हिरावून घेतो तेव्हा त्याला ऋण लक्षणं म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन हे रसायन कमी पडतं म्हणून उमेद जाते, असं मानतात ना? मग चालू गोळ्यांच्या जोडीला मिथाइलफेनिडेट हे डोपामिन वाढवणारं उत्तेजक, अगदी थोडं, का नको?

खवट: कारण गोळी पत्ता विचारून फक्त पुढच्या भागात जात नाही. मेंदूत दुसरीकडेही डोपामिन वाढलं की आवाज, संशय परत येऊ शकतात. ॲम्फेटामिन हे तसलंच उत्तेजक अति झालं तर धडधाकट माणसालाही भास होतात. कॉनेल या मनोविकारतज्ज्ञाने १९५८ सालीच त्यावर लिहून ठेवलंय. १९९६ मध्ये लारुएल आणि सहकाऱ्यांनी स्कॅन करून दाखवलं, की त्याच औषधाने या रुग्णांच्या मेंदूत निरोग्यांपेक्षा जास्त डोपामिन सुटतं.

उंबरठा: अति कोण मागतंय? लिसडेक्सॲम्फेटामिन या ॲम्फेटामिनच्याच प्रकाराची २०१३ ची चाचणी बघा. स्थिर रुग्ण, नेहमीच्या गोळ्या चालू, आणि ऋण लक्षणं कमी झाली.

खवट: झाली, पण पहिल्या दहा आठवड्यांत. तेव्हा सगळ्यांनाच औषध होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुलनेला रिकामी गोळी नव्हती. मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधाची अशी तुलना झालीय. फायदा असलाच तर किरकोळ.

काजवा: मी रुग्ण आहे. मला तीन आठवडे उत्तेजक दिलं होतं. पहिल्या आठवड्यात आपणहून दाढी केली, आई रडली. तिसऱ्यात खिडक्यांना आतून कागद चिकटवले. तरी खरं सांगू? तो दाढीचा आठवडा मला परत हवाय.

खवट: यावर मी काय बोलणार. उंबरठाताई, एक तपासा: मरगळ आजाराचीच आहे की गोळ्यांची? डोस जास्त असला की अंग ताठरतं, चेहरा मख्ख होतो, चालताना हात हलत नाहीत. नैराश्यही असंच दिसतं. स्किझोफ्रेनियाची नेहमीची गोळी बदलूनही पाहता येतं. २०१७ च्या चाचणीत २६ आठवड्यांत ऋण लक्षणांवर अशा दोन गोळ्यांपैकी कॅरिप्रॅझिन रिस्पेरिडोनपेक्षा सरस ठरलं. मात्र बदल डॉक्टरांकडूनच, हळूहळू.

उंबरठा: आत्ता त्याला मुद्दाम पाणी आणायला पाठवलं. उजवा हात अंगाला चिकटलेलाच. शुक्रवारी डॉक्टरांना सांगते. उत्तेजकाचंही विचारणार आहे, तो हट्ट सोडलेला नाही.