विजयानंदमधली पावलं

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात रात्री बुटांची टकटक यायची आणि ते तिथे मारल्या गेलेल्या इंग्रज कलेक्टर जॅक्सनचं भूतच, असं सांगतात. हे मीही माझ्या मामाकडून लहानपणी ऐकलंय. पण गोष्ट सांगताना आपण निम्मीच सांगतो, याचं मला वाईट वाटतं.

21 डिसेंबर 1909. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा प्रसंग, रंगमंचावर 'संगीत शारदा'. साहेब आत येताच क्रांतिकारक अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात ते आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. कान्हेरे तेव्हा 18 वर्षांचे होते! मग भूत फक्त साहेबाचंच कसं? त्या पोराची पावलं कुणालाच कशी ऐकू आली नाहीत?

आवाजाचं म्हणाल तर, स्पर्धेच्या नाटकाचा सेट लावायला मी एकदा रात्री दोनला एका रिकाम्या नाट्यगृहात होतो. अंधारात मागच्या रांगेतली खुर्ची खट्ट करून वर गेली. जीव घशाशी आला. जाऊन पाहिलं तर सैल स्प्रिंग. दिवसभर तापलेलं लाकूड, पत्रे रात्रीच्या थंडीत आकसतात, तेही असंच वाजतं. आणि नाशिकचा डिसेंबर तुम्हाला माहीतच आहे.

तरी दुसऱ्या दिवशी रंगदेवतेपुढे नारळ फोडताना मी जरा जास्तच वेळ हात जोडून उभा होतो. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि मनात तो 18 वर्षांचा मुलगा.